गावातल्या भिंतीवर रझा: आधुनिक चित्रांच्या चांगल्या प्रती घेताना

सय्यद हैदर रझांच्या चित्राची प्रत आमच्या बैठकीत लागली, त्या संध्याकाळी शेजारचे काका चहाला आले. मधोमध मोठा काळा गोल, भोवती वर्तुळं आणि बाहेर रंगीत चौकट. काका कप हातात धरून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "सर, हा तं वरून वाकून पाह्यलेल्या विहिरीचा फोटो हाय जी." मी हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवतो, आणि रझांच्या या काळ्या गोलाबद्दल, त्यांच्या 'बिंदू'बद्दल, इतकं नेमकं वाक्य माझ्या तोंडून कधी निघालं नाही.

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावात मी गेल्या काही वर्षांत अशा सहा प्रती आणल्या. त्यातल्या दोन वाया गेल्या आणि एक अर्धवट वाचली. आता नवं घर बांधणारे माजी विद्यार्थी विचारतात, तालुक्याच्या डॉक्टरांनी विचारलं, परवा कृषी केंद्रवाल्यानंही विचारलं. सगळ्यांचा प्रश्न एकच, "सर, कुठून मागवू?" माझ्या मते हा प्रश्न तिसरा किंवा चौथा आहे. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटसाठी लिहिलेला सल्ला आपल्या घरात चालत नाही, कारण तिथे मे महिन्यात खिडकीत कूलर नसतो आणि भिंतीतून उदई चढत नाही. माझा सगळा अनुभव एका ओळीत सांगायचा तर चित्र बाहेरून मागवा, फ्रेम मात्र इथेच, स्वतः समोर उभं राहून करून घ्या.

आधी भिंत

चित्र निवडायच्या आधी भिंत निवडा. पश्चिमेची भिंत सोडून द्या. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा ती भिंत रात्री दहापर्यंत तापलेली असते, आणि मागून कागद भाजत राहतो. न्हाणीला लागून असलेली भिंतही नको. टिनाच्या छपराखाली अगदी वरच्या बाजूला काहीच लावू नका.

कूलरचा विचार वेगळा करायला हवा. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा असतो, त्यामुळे बाहेरच्या हवेत लाकूड आणि कागद आक्रसतात. संध्याकाळी कूलर सुरू झाला की त्याच खोलीत पाणी भरलेली हवा शिरते आणि कागद फुगतो. सकाळी पुन्हा आक्रसतो. अडीच-तीन महिने रोज हा खेळ चालला की कागदाला लाटा पडतात. माझं पहिलं चित्र असंच गेलं. ते कूलरच्या बरोबर समोर, हवेच्या झोतात होतं, कारण तीच भिंत दारातून आल्याबरोबर दिसायची. आता मी कूलरच्याच बाजूच्या भिंतीवर, झोतापासून दूर लावतो.

ओल तपासायची सोपी रीत अशी: पॉलिथिनचा हातभर तुकडा चारही बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवा आणि दोन दिवस तसाच ठेवा. आतल्या बाजूला दव साचलं तर त्या भिंतीचा नाद सोडा. हे पावसाळ्यात करायचं. जानेवारीत सगळ्याच भिंती कोरड्या वाटतात. जुन्या विटा-मातीच्या घरात लोणा फुटलेली भिंत असेल तर रंग मारून ती झाकली जाते, बरी होत नाही.

मग आकार. वर्तमानपत्राचे कागद जोडून वेगवेगळ्या मापांचे आयत कापा, भिंतीवर चिकटवा आणि आठवडाभर येता-जाता पाहा. बहुतेकांना सुरुवातीला वाटतं त्यापेक्षा मोठं माप लागतं. दहा फुटी भिंतीवर ए-फोर आकाराचं चित्र वीज मीटरच्या कार्डासारखं दिसतं.

उंचीबद्दल आपल्याकडे जुनी सवय आहे. फोटो म्हटला की तो छताजवळ, दोरीवर पुढे झुकलेला. देवाचे आणि वाडवडिलांचे फोटो तसे लावणं ठीक, त्यांच्याकडे मान वर करूनच पाहायचं असतं. चित्र मात्र डोळ्यासमोर हवं. संग्रहालयांत चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण ५७ ते ६० इंचांवर धरतात. आपण बैठकीत दिवाणावर, नाहीतर सतरंजीवर बसतो, म्हणून मी तो आणखी चार-पाच इंच खाली घेतो.

कोणतं चित्र प्रतीत टिकतं

इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण पैसे इथेच चुकीच्या जागी जातात.

प्रत म्हणजे काहीतरी हलकं, असं ज्यांना वाटतं त्यांनी आपलं देवघर पाहावं. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि त्यांच्या लक्ष्मी-सरस्वती खेड्यापाड्यांत पोचल्या त्या छापील प्रतींच्या रूपात. तेव्हा प्रत घरात असणं आपल्याला नवं नाही. नवं आहे ते आधुनिक चित्र.

आणि तेही आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा आधुनिक कलावंतांचा गट उभा राहिला. त्यात सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे असे सहा जण होते. त्यातले हरी अंबादास गाडे अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे. रझांचा जन्म मंडला जिल्ह्यातला, आणि १९३९ ते १९४३ ते नागपूरच्या चित्रशाळेत शिकले. पुढे या मंडळींच्या सोबतीला आलेले वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४ चा, नागपुरातला. मुलांना मी हे सांगतो तेव्हा मागच्या बाकावरची पोरंही मान वर करतात.

पण यांतल्या प्रत्येकाचं चित्र प्रतीत सारखं उतरत नाही. रझांची उत्तरायुष्यातली चित्रं म्हणजे भूमितीचे आकार आणि सपाट, दाट रंग. चांगल्या छपाईत ती बरीचशी जशीच्या तशी येतात. गायतोंडेंचं उलट आहे. त्यांनी रंगाचे पातळ थर एकावर एक चढवले, रोलर आणि पॅलेट नाइफने ते ओढले, खरवडले. त्या चित्रातला उजेड खालच्या थरांतून वर येतो. कागदावर एकच थर असतो, त्यामुळे प्रत छान रंगीत दिसते पण बंद दाराआड असल्यासारखी वाटते. गायतोंडे घरात हवेच असतील तर चांगल्या छपाईचं पुस्तक घ्या. भिंतीसाठी मी त्यांचं नाव सुचवत नाही.

बंगालचे चित्रकार जामिनी रॉय प्रतीसाठी फार सोयीचे. जाड बाह्यरेषा, मोजके मातकट रंग, मोठे डोळे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही ती चित्रं चटकन आपली वाटतात. नंदलाल बोस यांचं १९३० मधलं, काठी घेऊन निघालेल्या गांधीजींचं लिनोकट तर मुळातच काळ्या शाईचा ठसा आहे. काळं-पांढरं असल्यामुळे रंग चुकायचा प्रश्नच नाही, आणि सेवाग्राम जवळ असलेल्या आम्हा वर्धेकरांना त्याचं वेगळं अप्रूप. पहिल्यांदाच घेणाऱ्यांना मी बहुतेक वेळा हेच सुचवतो.

अमृता शेरगिल यांचं १९३५ मधलं 'तीन मुली' आमच्याकडे आहे. तैलचित्र असूनही ते बरं उतरतं, कारण त्यात रंगाचे जाड थर नाहीत, मोठे शांत पट्टे आहेत. मूळ चित्र दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे. आमच्या कामवाल्या मावशी त्याच्यासमोर झाडू थांबवून म्हणाल्या, "लग्न ठरलं वाटते पोरींचं." त्या मुली का उदास आहेत, हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

डच चित्रकार व्हॅन गॉग सगळ्यांनाच हवा असतो. त्याचं १८८९ मधलं 'सरूच्या झाडांसह गव्हाचं शेत' आपल्याकडच्या माणसाला लगेच कळतं, वाऱ्यानं लोळलेला गहू आपण पाहिलेला असतो. पण त्याच्या चित्रांत रंग बोटभर जाड वाटावा असा लिंपलेला आहे. छापील प्रतीत तो उंचवटा येत नाही. काही विक्रेते कॅनव्हासवर छापून वरून पारदर्शक जेलचे फटकारे मारतात आणि 'ब्रशचं टेक्श्चर' म्हणून जास्त पैसे घेतात. ते फटकारे चित्रातल्या फटकाऱ्यांशी जुळतही नाहीत, गहू एकीकडे वाकलेला आणि जेल दुसरीकडे गेलेलं. त्यापेक्षा सपाट कागदावरची प्रामाणिक प्रत केव्हाही बरी.

शक्य असेल तर मूळ चित्रं एकदा पाहून या. विदर्भ एक्सप्रेसनं रात्री निघालं की सकाळी मुंबई. तिथे फोर्ट भागात, सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची मुंबई शाखा आहे. मूळ चित्राचा रंग एकदा डोळ्यांत बसला की मोबाइलवरच्या भडक फोटोला तुम्ही फसत नाही.

हक्क कोणाचा, फाइल कुठली

भारतीय कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चित्रावर हक्क राहतो. शेरगिल १९४१ मध्ये गेल्या, म्हणजे त्यांची चित्रं कधीच मोकळी झाली. व्हॅन गॉगचा तर प्रश्नच नाही. नंदलाल बोस १९६६ मध्ये गेले, त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०२६ अखेर संपतो. जामिनी रॉय १९७२, म्हणजे २०३२ अखेर. रझा २०१६ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या चित्रांची प्रत घेताना विक्रेत्याला सरळ विचारा, परवानगी कोणाची आहे? उत्तर टाळलं तर त्याची छपाईही तशीच उचललेल्या फोटोवरून असणार, हे गृहीत धरा. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या विक्री काउंटरवर मिळणाऱ्या प्रतींबाबत ही काळजी उरत नाही. दिल्ली-मुंबईला जाणारं कोणी असेल तर तिथून आणायला सांगा, नळीत गुंडाळून रेल्वेच्या बर्थखाली सुखरूप येते.

मोकळ्या झालेल्या चित्रांसाठी आणखी एक वाट आहे. न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं २०१७ मध्ये आणि शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटनं २०१८ मध्ये आपल्याकडच्या अशा हजारो चित्रांच्या मोठ्या फाइल सगळ्यांना फुकट उतरवून घ्यायला खुल्या केल्या. वर सांगितलेलं गव्हाचं शेत मेट्रोपॉलिटनमध्येच आहे. फाइल उतरवा आणि नागपुरात छापून घ्या.

फाइल पुरेशी मोठी आहे का, याचं गणित सोपं आहे. चांगल्या छपाईला एका इंचात ३०० पिक्सेल लागतात. २५ इंच रुंद चित्र हवं तर फाइल ७,५०० पिक्सेल रुंद पाहिजे. दुरून पाहायचं मोठं चित्र असेल तर १५० वरही भागतं, त्याखाली जाऊ नका. व्हॉट्सॲपवरून आलेली फाइल तर हातातही धरू नका, ती वाटेतच दाबून बारीक झालेली असते.

चित्राचं प्रमाणही तपासा. गव्हाचं शेत मुळात ७३.२ गुणिले ९३.४ सेंटिमीटर आहे. ते २५ इंच रुंद छापलं तर उंची साडेएकोणीस इंचांच्या थोडी वर येते. विक्रेता तेच २० गुणिले ३० इंचांत देत असेल तर वरून-खालून चित्र कापलेलं आहे, आणि बहुधा त्या सरूच्या झाडाचा शेंडा उडालेला आहे.

छपाई ओळखायची कशी

'म्युझियम क्वालिटी' हा शब्द कोणीही लिहू शकतो. त्यामागे आयएसआयसारखा शिक्का नाही, तपासणारं खातं नाही. म्हणून शब्द सोडा आणि शाई व कागद यांची चौकशी करा.

'जिक्ले' हा शब्द तुम्हाला सगळीकडे दिसेल. तो १९९१ च्या सुमारास अमेरिकेत छापखान्यातल्या माणसानं फ्रेंचवरून घडवला, अर्थ साधारण 'फवारलेलं'. म्हणजे आपल्या भाषेत फवारणीच. इंकजेट प्रिंटर शाईचे बारीक थेंब फवारतो. फरक आहे तो औषधात. शाई डायची, म्हणजे विरघळणाऱ्या रंगाची, असेल तर ती उजेडात काही वर्षांत विटते. पिगमेंट शाईत रंगाचे न विरघळणारे कण असतात, ती कितीतरी पटींनी जास्त टिकते. तेव्हा पहिला प्रश्न: शाई पिगमेंट आहे का?

दुसरा प्रश्न कागदाचा. उत्तम कागद शंभर टक्के कापसाचा असतो. कापूस पिकवणाऱ्या मुलखातल्या माणसाला हे सांगताना मला नेहमी हसू येतं. साध्या लाकडी लगद्याच्या कागदात लिग्निन असतं, त्यानं कागद पिवळा पडतो, वर्तमानपत्र उन्हात दोन दिवस ठेवून पाहा. कापसाच्या कागदात ते नसतं. जाडी दर चौरस मीटरला ३०० ग्रॅमच्या आसपास असावी. 'अ‍ॅसिड-फ्री' एवढंच लिहिलेला कागद मधल्या दर्जाचा, बजेट कमी असेल तर तोही चालेल.

काही कागदांत पांढरेपणा वाढवायला चकाकी आणणारी रसायनं घातलेली असतात. काही वर्षांनी ती दमतात आणि कागदाचा रंग बदलतो. हे ओळखायला दुकानातलं नोटा तपासायचं निळ्या दिव्याचं यंत्र वापरा. त्याखाली कागद निळसर झगमगला तर रसायन भरपूर आहे. कापसाचा चांगला कागद मंदच दिसतो. आमच्या कृषी केंद्रवाल्याला हा उपयोग इतका आवडला की त्यानं दुकानातली सगळी कॅलेंडरं त्याखाली धरून पाहिली.

आणखी एक हत्यार म्हणजे दहा पट मोठं दाखवणारं भिंग. त्यातून पाहताना ठिपके फुलांच्या पाकळ्यांसारखे ठरावीक नक्षीत दिसले तर ती ऑफसेट छपाई आहे, म्हणजे पोस्टर. पोस्टर वाईट नसतं, पण त्याला पोस्टरचेच पैसे द्या. नक्षी न दिसता रवाळ, विखुरलेले थेंब दिसले तर इंकजेट.

तालुक्याच्या फ्लेक्सवाल्याकडे कॅनव्हास छापून मिळतो आणि तो स्वस्त असतो, हे खरं. वाढदिवसाच्या बॅनरचं यंत्र ते. शाई सॉल्व्हंटची, काळा रंग राखाडी आणि चेहरे तांबूस. दोन-तीन वर्षांसाठी काही लावायचं असेल तर जरूर करा. नागपुरात छायाचित्रकारांसाठी पिगमेंट छपाई करणारे आहेत. त्यांच्याकडे आधी चित्राच्या एका तुकड्याची चार इंची पट्टी छापून मागा. ती दिवसाच्या उजेडात पाहा आणि कोपऱ्यावर ओलं बोट फिरवा. पिगमेंट शाई सहसा पसरत नाही.

'लिमिटेड एडिशन, ५०० पैकी ४२' असं लिहिलेलं सर्टिफिकेट पाहून हुरळू नका. चित्रकारानं स्वतः करवून घेऊन सही केलेला सेरिग्राफ, म्हणजे जाळीच्या पडद्यातून शाई उतरवून काढलेला ठसा, ही वेगळी चीज आहे, त्याला कलाबाजारात भाव असतो. चित्रकार गेल्यावर कोणीतरी छापलेल्या प्रतीवर आकडा टाकला म्हणून तिची किंमत वाढत नाही. पुढे विकून पैसे येतील या हिशेबानं प्रत घेऊच नका.

मागवायचं कसं, कधी

मी एकदा काचेसकट फ्रेम केलेलं चित्र ऑनलाइन मागवलं होतं. खोका तालुक्यापर्यंत आला, तिथून दुसऱ्या गाडीत, आणि घरी पोचला तेव्हा तो हलवला की आतून खुळखुळ्यासारखा आवाज येत होता. काचेच्या तुकड्यांनी चित्र आडवं चिरलेलं. पैसे परत मिळायला दीड महिना लागला, तेही खोका उघडतानाचा व्हिडिओ मुलीनं सहज काढला होता म्हणून. तुम्ही तो सहज न काढता ठरवून काढा. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

तेव्हापासून फक्त कागद मागवतो, जाड पुठ्ठ्याच्या नळीत. छापणाऱ्याला सांगायचं की चित्राभोवती किमान दोन इंच कोरी कड सोड. ती कड फ्रेमच्या वेळी हात लावायला आणि पट्ट्या चिकटवायला लागते.

वेळ म्हणाल तर दसऱ्यानंतर होळीपर्यंत. पोळ्याच्या आसपासची हवा कागदाला मानवत नाही, आणि मे महिन्यात बंद गाडीत नळी दिवसभर तापते. शिवाय दिवाळीनंतर कापूस विकून हातात पैसा असतो. नळी आली की लगेच उघडू नका. एक रात्र खोलीत पडू द्या, मग धुतलेल्या कोरड्या हातांनी उलगडा. सरळ व्हावं म्हणून उलटं गुंडाळू नका, त्यानं शाईला चिरा जातात. स्वच्छ चादरीवर पालथं ठेवून वर काचेचा सपाट तुकडा ठेवला की दोन दिवसांत कागद बसतो.

फ्रेम: इथे समोर उभं राहा

फोटो मढवणारा गावोगावी भेटतो आणि हात त्याचा तयार असतो. पण त्याची सवय लग्नाच्या फोटोंची. तो पाठीला फेविकॉल फासून चित्र हार्डबोर्डवर चिकटवतो, काच थेट चित्रावर टेकवतो, मागे जुनं कॅलेंडर घालून खिळे मारतो. माझं दुसरं चित्र असंच गेलं. पहिल्याच उन्हाळ्यात त्याला फोड आले. त्या माणसाचा दोष नव्हता, मी त्याला काही सांगितलंच नव्हतं.

सांगायचं ते असं. चित्राला कुठेही डिंक, सेलोटेप किंवा दुहेरी टेप लावायची नाही. मागच्या अ‍ॅसिड-फ्री पुठ्ठ्याला ते फक्त वरच्या कडेला, दोन ठिकाणी, कागदी पट्ट्यांनी टांगायचं. पट्टी पातळ जपानी कागदाची आणि चिकट म्हणून गव्हाच्या स्टार्चची खळ, ही संग्रहालयांची रीत. ती घरी जमते, मैद्याची नव्हे, स्टार्चची. खालची बाजू मोकळी राहिली पाहिजे, म्हणजे कूलरच्या दिवसांत कागदाला फुगायला-आक्रसायला जागा मिळते.

चित्र आणि काच यांच्यामध्ये माउंट, म्हणजे मधोमध खिडकी कापलेली पुठ्ठ्याची चौकट, हवाच. तो शोभेसाठी असतो असं वाटतं, पण त्याचं खरं काम काच कागदाला टेकू न देणं हे आहे. टेकली की दमट दिवसांत शाई काचेला चिकटते. दुकानातला साधा माउंट आतून लगद्याचा असतो. दोन-तीन वर्षांत त्याची तिरपी कापलेली कड पिवळी पडते आणि चित्रावर तपकिरी रेघ उमटवते. तालुक्याला अ‍ॅसिड-फ्री माउंट सहसा मिळत नाही. म्हणून छपाई करणाऱ्याकडूनच माउंट आणि मागचा पुठ्ठा मापात कापून नळीसोबत वेगळ्या सपाट पाकिटात मागवा. माझ्या सगळ्या सल्ल्यांतला हा सर्वांत उपयोगाचा. माउंट रुंद ठेवा, अडीच-तीन इंच, आणि रंग पांढराच. चित्रातला लाल रंग पकडून लाल माउंट लावायचा मोह आवरा.

काच की अ‍ॅक्रिलिक? साधी काच स्वस्त आणि पुसायला सोपी. अतिनील किरण अडवणारी खास काच महाग आणि लांबून आणावी लागते. भिंत नीट निवडली असेल, थेट ऊन येत नसेल आणि घरात एलईडी दिवे असतील तर साध्या काचेवर भागतं. दोन फुटांपेक्षा मोठं चित्र असेल तर वजनासाठी अ‍ॅक्रिलिक घ्या, पण त्याला चरे लवकर पडतात.

फ्रेमच्या पट्टीबद्दल माझं मत थोडं लोकविरोधी आहे. आपल्याकडे सागाचं वेड आहे आणि ते साहजिक आहे, आलापल्ली-बल्लारशाचा साग आपल्याच मुलखातला. गावातल्या वाढयाकडून जुन्या दाराच्या सागाची साधी, सपाट पट्टी करून घेतली तर तिला तोड नाही. जुनं लाकूड अनेक उन्हाळे खाऊन बसलेलं असतं, त्याचे कोपरे उघडत नाहीत. पण गाभ्याचं लाकूड हवं, कडेचं पांढरं कच्चं लाकूड उदई खाते. असा वाढई आणि असं लाकूड मिळत नसेल तर दुकानातली सिंथेटिक काळी पट्टी घ्या. तिला उदई लागत नाही, घुण लागत नाही. नक्षीदार सोनेरी पट्टी मात्र आधुनिक चित्राला नको. सरळ रेषा आणि चौकोन रंगवणाऱ्या मोंड्रियानला सोनेरी फ्रेम म्हणजे धोतरावर टाय.

हिशेब फुटावर होतो, तो स्वतः करून जा. चित्र १६ गुणिले २० इंच आणि माउंट चारही बाजूंनी अडीच इंच, म्हणजे माप २१ गुणिले २५. घेर ९२ इंच. कोपरे तिरपे कापताना पट्टीच्या रुंदीच्या आठपट लाकूड जातं, दीड इंची पट्टीला १२ इंच. एकूण १०४ इंच, म्हणजे पावणेनऊ फूट. दुकानदार बारा फूट लावत असेल तर वहीवर मांडून दाखवा. आणि मनाची तयारी ठेवा, नीट केलेली फ्रेम बऱ्याचदा चित्रापेक्षा महाग पडते.

मागे हार्डबोर्ड किंवा एमडीएफ नको, पावसाळ्यात तो पापडासारखा वाकतो. फोम शीट घाला, कडा तपकिरी कागदी टेपनं बंद करा. प्लास्टिकनं पूर्ण सीलबंद करू नका, आत अडकलेली वाफ बाहेर येत नाही आणि बुरशी धरते.

टांगणं आणि सांभाळणं

खिळ्यावर भरवसा नको. ड्रिल मारून, प्लास्टिकची गिट्टी बसवून स्क्रू लावा. मोठ्या फ्रेमला दोन स्क्रू, म्हणजे ती कलत नाही. मातीच्या जोडाईच्या भिंतीत विटेत छिद्र पाडा, सांध्यात नाही.

फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना, मागच्या बाजूनं, जुन्या स्लिपरच्या रबराचे तुकडे चिकटवा. त्यानं भिंत आणि फ्रेम यांत चार-पाच मिलिमीटर फट राहते आणि हवा खेळते. फट याहून मोठी ठेवली तर कुंभारमाशी आत मातीचं घर बांधते, आणि दोरीवर झुकलेल्या फोटोमागे तर चिमणी. चिमणी आलीच तर पिल्लं उडेपर्यंत फ्रेमला हात लावू नका, आमच्या घरात हा नियम आजीच्या काळापासून आहे.

फ्रेमच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहून ठेवा: चित्रकार, चित्राचं नाव, साल, मूळ चित्र कुठे आहे, कागद कोणता, कधी छापलं. घरातलं पोरगं पुढेमागे विचारतं तेव्हा तुम्हालाच आठवत नसतं.

दिवाळीआधी घराला रंग देताना फ्रेम उतरवा आणि पेटीवर सपाट ठेवा, जमिनीवर नाही. काचेवर थेट पाणी किंवा फवारा मारू नका, तो कडेनं आत उतरतो. फडकं किंचित ओलं करून पुसा. पाठ उजेडात धरून उदईची मातीची रेघ, कसर किंवा ओलीचा डाग दिसतो का ते पाहा. टेप कुठे सुटली असेल तर नवी लावा आणि तपासल्याची तारीख पेन्सिलीनं खाली टाका.